कामठीची वलयं आणि वर्ध्याचा कोरा काप: प्रकल्प नोंदी

11 जून 2024

विभागातलं मागच्या भिंतीचं कपाट आज उघडलं. किल्ली कुणाकडेच नव्हती, शेवटी दादांनी बिजागरीचे स्क्रू काढून दारच उतरवलं. (दादा म्हणजे आमचे प्रयोगशाळा परिचर. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत.) आत फॉर्मॅलिनच्या आटलेल्या बरण्या, कसर लागलेली हर्बेरियमची पानं, आणि तळच्या खणात जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली दोन दगडी लाकडं.

पहिलं मनगटाएवढं जाड, राखाडी. चिठ्ठीवर एकच शब्द, 'कामठी'. दुसरं मोठं, सरपणाच्या ढलपीसारखं एका बाजूने फुटलेलं, बाहेरून पिवळट आणि फुटल्या जागी मधाच्या रंगाचं. चिठ्ठी: 'वर्धा जि., इंटरट्रॅपियन, शेतातून'. तारीख नाही, कुणी आणलं ते नाही.

दुसरं उचलून दादा म्हणाले, "सर, दिसते सरपण, पण वजन पाट्याचं आहे." तराजूवर 3 किलो 140 ग्रॅम. पाण्यात बुडवून घनता काढली, 2.6 च्या आसपास आली. कोरड्या सागवानाची 0.65 धरली तर त्याच मापाचं लाकूड चौपट जड झालंय. क्वार्ट्झची घनता 2.65, म्हणजे आत काय भरलंय ते तराजूनेच सांगितलं. चाकूने ओरखडा काढून पाहिला तर दगडावर चाकूच्या लोखंडाची काळी रेघ उठली.

छोट्या प्रकल्पांसाठी असतो तो निधी मंजूर झालाय. रक्कम सांगण्यासारखी नाही. त्यात दोन लाकडांचे पातळ काप होतील, आणि त्यांनी कसली हवा पाहिली होती ते शोधता येईल. एवढंच काम.

15 जून

हीच दोन का, असं विभागप्रमुखांनी विचारलं. उत्तर म्हणून नकाशा दाखवला. कामठी नागपूरच्या इतकी जवळ की आता वेगळं गाव म्हणावं का, हा प्रश्न आहे. तिथल्या वालुकाश्माच्या थरांना भूशास्त्रात गावाचंच नाव आहे, कामठी स्तर. ते मुख्यतः पर्मियन काळाच्या अखेरचे, म्हणजे 25 कोटी वर्षांच्या पलीकडचे. तेव्हा हा प्रदेश गोंडवन या दक्षिणेकडच्या महाखंडात होता, अंटार्क्टिका आणि ऑस्ट्रेलियाला चिकटलेला, आजच्यापेक्षा फार दक्षिणेला.

वर्ध्याचं लाकूड त्या मानाने कालचं. दख्खनचा लाव्हा सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी थरावर थर पसरत होता. दोन उद्रेकांच्या मध्ये जो निवांत काळ जायचा त्यात खळग्यांत तळी साचायची, काठाला झाडं वाढायची, मग पुढचा लाव्हा येऊन सगळं झाकायचा. त्या मधल्या गाळाचे थर म्हणजे इंटरट्रॅपियन. तोवर भारत गोंडवनातून सुटून उत्तरेला निघाला होता, पण विषुववृत्त अजून ओलांडायचं होतं. वेग वर्षाला 15 सेंटीमीटरच्या घरात. खंडाच्या मानाने ही पळापळच.

ही जोडी जमवणारा मी पहिला नाही. नागपूरला मिशनरी म्हणून आलेल्या स्टीफन हिस्लॉप यांनी रॉबर्ट हंटर यांच्याबरोबर 1855 मध्ये नागपूर परिसराच्या भूशास्त्रावर जो निबंध छापला, त्यात कामठी-सिलेवाड्याकडचे वनस्पतींचे ठसे आहेत आणि लाव्ह्याच्या थरांमधले गोड्या पाण्यातले जीवाश्मही. हिस्लॉप 1863 मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून घोड्यावरून परतताना नदीच्या पुरात बुडाले. त्यांच्या नावाचं कॉलेज सगळ्या नागपूरला माहीत आहे, त्यांनी गोळा केलेले दगड मात्र फारसे कुणाला ठाऊक नाहीत.

20 जून

एका विद्यार्थिनीने विचारलं, "सर, लाकडाचा दगड व्हायला किती कोटी वर्षं लागतात?" माझ्याही डोक्यात पूर्वी हेच होतं. खरं तर दगड होऊन कोट्यवधी वर्षं झालीत, दगड व्हायला तेवढी लागत नाहीत. जपानमध्ये ताते‌यामा ज्वालामुखीच्या परिसरातल्या गरम पाण्याच्या तळ्यात संशोधकांनी लाकडाचे तुकडे टांगून ठेवले होते. सात वर्षांत त्यांच्यात सिलिका, म्हणजे क्वार्ट्झ बनतं ते द्रव्य, भरपूर भरली होती.

गणित साधं आहे. लाकूड कुजायच्या आत गाळात पुरलं गेलं पाहिजे, हवा लागता कामा नये. ज्वालामुखीची राख किंवा ताजा बेसाल्ट झिजत असेल तर भोवतालच्या पाण्यात विरघळलेली सिलिका भरपूर असते. ती पेशींच्या भिंतीला आधी आतून अस्तर लावते, मग पोकळी भरते. सुरुवातीला ती ओपलसारखी, पाणी धरून असलेली असते, काळ जाईल तशी क्वार्ट्झच्या बारीक स्फटिकांत बदलते. साचा ओतल्यासारखं हे काम आहे, म्हणून भिंतीवरचं छिद्रन् छिद्र टिकतं. दख्खनच्या तळ्यांना सिलिकेची कमतरता नव्हती, चहूकडे लाव्हाच होता.

27 जून

दगडकापीचं आमचं यंत्र दोन वर्षांपासून बंद. पहिले जाड काप काढायला दोन्ही नमुने ग्रॅनाइटच्या दुकानात नेले. मालकाने वर्ध्याचं लाकूड उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, "ओट्याला लावायचं का?" खोडाच्या उभ्या अक्षाला बरोबर काटकोनात काप हवा, हे त्याला पटवायला अर्धा तास गेला. तिरकं कापलं तर वाहिन्या, म्हणजे लाकडातल्या पाणी वाहणाऱ्या गोल नळ्या, लंबगोल दिसतात, मोजमाप फुगतं आणि पुढचं सगळं गणित चुकतं. शेवटी खडूने रेघ मारून दिली. त्याने डायमंड ब्लेडवर पाणी सोडलं, आठ मिनिटांत काप हातात.

पैसे घेतले नाहीत. कापलेला तुकडा उन्हात धरून म्हणाला, "आत तर लाकूडच आहे की हो."

2 जुलै

वर्ध्याच्या लाकडाचा आडवा काप घासून चकचकीत केला. ओला केला की पट्टे दिसतात, लालसर-तपकिरी, कमानीसारखे वळलेले. भिंगाखाली मोजले. अकरा.

वहीत लिहिलं: 'स्पष्ट वाढवलयं, 11. कोरडा आणि ओला असे दोन ठळक ऋतू.' रात्री घरी सांगितलंही.

10 जुलै

काप घासण्याचा पहिला दिवस. काचेच्या जाड तावावर चिमूटभर कार्बोरंडम (घासायची कठीण पूड), चार थेंब पाणी, आणि स्लाइडला चिकटवलेला काप इंग्रजी आठच्या आकड्यात फिरवत राहायचा. आधी 220 ची भरड पावडर, मग क्रमाने बारीक होत जाणारी 400, 600, 1000. मध्ये प्रत्येक वेळी काच, काप आणि स्वतःची नखंसुद्धा धुवायची. 220 चा एक कण 600 मध्ये आला की काचेवर मांजर नखं ओरखडत असल्यासारखा आवाज येतो आणि तासाभराची मेहनत गेली.

मुक्काम 30 मायक्रॉनवर. कागदाच्या जाडीच्या निम्म्याहूनही कमी. तिथे पोचायच्या जरा आधी लाकूड मधासारखं पारदर्शक होतं आणि उठायला मन होत नाही. माझी पहिली स्लाइड याच टप्प्यावर गेली. फोन वाजला, मी बोलता बोलता हात फिरवत राहिलो, आणि पाहतो तो काचेवर फक्त काप चिकटवलेलं इपॉक्सी. सहा कोटी वर्षं टिकलेलं लाकूड बेसिनच्या नळीतून गेलं.

दादा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून घासताना फोन त्यांच्या खिशात.

17 जुलै

दुसरी स्लाइड जमली. 2 जुलैची नोंद खोडतो.

सूक्ष्मदर्शकाखाली 'वलयं' नाहीत. पट्टे आहेत, पण ते पेशींच्या रचनेला जुमानतच नाहीत. खरं वाढवलय किरणांना (केंद्राकडून सालीकडे जाणाऱ्या पेशींच्या रेघांना) काटकोनात छेदतं, आणि सीमेवर पेशींचा आकार बदलतो, भिंती जाड होतात किंवा वाहिन्या एकदम मोठ्या होतात. इथे पट्टा तिरका येतो, एका वाहिनीच्या मधूनच निघून जातो, आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे पेशी तशाच्या तशा. हा लोहाचा गंज आहे. लाकूड दगड झाल्यानंतर पाझरलेल्या पाण्याने सोडलेले डाग, अकीकात पट्टे दिसतात त्याच जातकुळीचे. माझे अकरा ऋतू म्हणजे अकरा डाग.

डागांखालचं लाकूड मात्र सुंदर आहे. वाहिन्या एकेकट्या किंवा दोन-तीनच्या ओळीत, कापभर सारख्या विखुरलेल्या. भोवती मूलऊतीचे, म्हणजे साठवणीच्या पेशींचे, पंखासारखे पसरलेले पुंजके. काही वाहिन्यांत साबणाच्या फेसासारखे फुगे दाटले आहेत. हे टायलोसिस, शेजारच्या जिवंत पेशींनी निकामी वाहिनीत शिरून घातलेली बुचं. एका वाहिनीत बुरशीचा धागा आडवा गेलाय, गाठीसकट. म्हणजे गाळात रुतण्याआधी झाडाला कूज लागली होती.

शेंगवर्गीय असावं असं वाटतं. नाव देणार नाही, तेवढा माझा अभ्यास नाही.

25 जुलै

कामठीची स्लाइड. बराच वेळ काही लिहिलंच नाही, नुसता पाहत बसलो.

यात वाहिन्या नाहीतच. सपुष्प वनस्पती पृथ्वीवर यायला अजून खूप अवकाश होता, हे अनावृत्तबीजींचं, म्हणजे पाइनसारख्या उघड्या बियांच्या झाडांचं लाकूड. सगळीकडे एकाच प्रकारच्या पेशी, ट्रॅकीड, कौलं रचावीत तशा सरळ रांगांत. आणि वलयं आहेत. डाग नाहीत. प्रत्येक रांगेतल्या पेशी रुंद, रुंद, रुंद अशा चालत येतात आणि मग एकदम दोन-तीन पेशी चपट्या, जाड भिंतीच्या. त्यानंतर लगेच पुन्हा रुंद. कापाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सीमा अखंड. माझ्या तुकड्यात 14 पूर्ण वलयं, सगळ्यात रुंद साडेतीन मिलिमीटरचं.

लक्षात राहिलं ते उशिराच्या लाकडाचं, म्हणजे वलयाच्या शेवटी येणाऱ्या चपट्या पेशींच्या पट्ट्याचं अरुंदपण. थंड प्रदेशातल्या आजच्या देवदार-पाइनमध्ये वाढ हळूहळू मंदावताना जाड भिंतीच्या पेशींचा चांगला पट्टा तयार होतो. इथे वाढ जोमात चालू असताना कुणी दिवा मालवावा तशी थांबलीय. ध्रुवाकडच्या प्राचीन जंगलांच्या लाकडात हे दिसतं, आणि त्याचं एक कारण शब्दशः दिवा मालवणं आहे. उच्च अक्षांशावर उन्हाळ्यात जवळपास चोवीस तास उजेड, मग दिवस झपाट्याने लहान होत काळोखाचा हिवाळा. याच काळातल्या थरांत ग्लॉसोप्टेरिस या नामशेष झाडाची पानं एकावर एक गठ्ठ्यांनी सापडतात, जणू झाडाने सगळी एकदमच गाळली. लाकूड आणि पानं दोघांची साक्ष जुळते.

आज बाहेर पाऊस आणि उकाडा. ज्या जमिनीवर बसून हे लिहितोय तिने कधी काळी हिवाळ्यात सूर्य फारच थोडा पाहिला असावा.

6 ऑगस्ट

भूशास्त्राचे निवृत्त सर येऊन गेले. दोन्ही स्लाइड पाहिल्या, चहा घेतला आणि माझा फुगा फोडला.

पहिला प्रश्न: "कामठी म्हणजे गाव की स्तर?" चिठ्ठीवरून कळत नाही. कुणी नदीच्या वाळूत सापडलेला गोटा उचलून गावाचं नाव लिहिलं असेल तर थर कुठला ते सुटलं. दगडाला चिकटलेल्या वालुकाश्माचे कण पाहून त्यांनी "स्तरच असावा" असा कौल दिला, पण 'असावा' हा शब्द अहवालात ठेवायला सांगितला.

दुसरा प्रश्न: "वर्ध्याचं खोड आहे की मूळ?" मुळात वाहिन्या मोठ्या असतात आणि वलयं अंधुक होतात, त्यामुळे एखादं मूळ पाहून सदाहरित जंगल उभं करणारे लोक त्यांनी पाहिलेत. माझ्या तुकड्यात मध्यावरचं भेंड नाही. पण किरण पाहिले तर जवळपास समांतर जातात, पंख्यासारखे फाकत नाहीत. म्हणजे तुकडा केंद्रापासून बराच दूरचा, जाडजूड खोडाचा. इथे जरा सुटलो.

जाताना म्हणाले, "वलय नाही ही नोंद आहे. निष्कर्ष नव्हे."

हे मला तेव्हा आवडलं नव्हतं. मी मनात 'वलयं नाहीत म्हणजे बारमाही ओलं, उबदार हवामान' असं वाक्य पक्कं करून ठेवलं होतं.

18 ऑगस्ट

वर्धा जिल्ह्यात एक दिवस. नवरगावचं नाव अश्मीभूत लाकडांसाठी अभ्यासकांत जुनं आहे, तिथून कितीतरी जाती वर्णन झाल्यात. आम्ही गेलो ते गाव वेगळं, एका विद्यार्थ्याच्या मामाचं. नाव लिहीत नाही, उद्या पोती घेऊन लोक पोचायचे.

कपाशी गुडघ्याएवढी झालेली, काळ्या चिखलात बूट रुतत होते. धुऱ्यावर दगड रचलेले, त्यातला दर चौथा-पाचवा लाकूड. नांगराला लागतात म्हणून पिढ्यान् पिढ्या वेचून कडेला टाकलेले. एका ठिकाणी हातभर जाडीचं खोड अर्धं जमिनीत, सालीसारख्या खाचांसकट. त्यावर कुणी तरी विळा पाजवल्याच्या खुणा.

वावराचे मालक काका कमरेवर हात ठेवून पाहत होते. "काहून नेता जी हे गोटे?" मी सांगितलं, हे झाड होतं, फार जुनं. ते म्हणाले, "ते तं दिसतेच ना. आमचा बुढा म्हणे, रामाच्या टायमाचं लाकूड हाय." तळ्याचं सांगितलं, लाव्ह्याचं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून विहिरीकडे बोट केलं. "मंग हे खालचं काय?" विहीर खणताना निघालेल्या ढिगाऱ्यात करड्या चर्टच्या (सिलिकेच्या कठीण दगडाच्या) पाट्या होत्या, आणि त्यात बोटाच्या पेराएवढ्या गोगलगाई, शंखासकट दगड झालेल्या. गोड्या पाण्यातल्या. माझ्या पाऊण तासाच्या व्याख्यानापेक्षा त्यांच्या विहिरीने मुद्दा जास्त नेटका मांडला.

दोन सुटे तुकडे त्यांना विचारून घेतले. खोडाला हात लावला नाही. ते हलवू नका, फोडू नका, आणि विकत मागायला कुणी आलं तर आधी मला फोन करा, एवढं सांगून आलो.

3 सप्टेंबर

तान्हा पोळा. पुतण्याचा लाकडी नंदी घेऊन मिरवणुकीत. नंदी आजोबांच्या वेळचा, सागवानी, मागच्या पायाचा रंग उडालेला. पोरं बोजाऱ्यासाठी घरोघर फिरत होती आणि मी नंदीचा पाय उलटा करून भिंगाने पाहत होतो. वलयं नुसत्या डोळ्यांनी मोजता येतात, प्रत्येक वलयाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची रांग. विदर्भातला उन्हाळा सागाला पानं गाळायला लावतो, पाऊस आला की पहिल्या झटक्यात रुंद वाहिन्या. हवामान लाकडात कसं उतरतं याचं यापेक्षा चांगलं उदाहरण नाही.

मग डोक्यात किडा शिरला. याच हवेत वाढणाऱ्या बाकीच्या झाडांचं काय?

12 सप्टेंबर

आरा मशीनवर दुपार घालवली. साग, हळदू, आंबा, तिन्हींचे ठोकळे आडवे कापून घेतले. ब्लेडने टोकं गुळगुळीत करून भिंगाखाली ठेवली.

सागात वलयं ठळक. हळदूत जवळपास नाहीत. छिद्रं बारीक, भरपूर, सगळीकडे सारखी. आंब्यात काही अंधुक रेघा, वलय म्हणावं की नाही अशा.

हळदूही आपल्या पानगळीच्या जंगलातलंच झाड, सागाच्या शेजारी उभं राहतं, तोच मे महिना सोसतं, पानंही गाळतं. पण त्याच्या लाकडात त्या मे महिन्याची ठळक खूण नाही. उद्या नागपूर गाळात गाडलं गेलं आणि 6 कोटी वर्षांनी कुणाच्या हाती फक्त हळदूचा तुकडा लागला, तर तो लिहील: 'इथे ऋतू नव्हते'. आणि भरउन्हाळ्यात 45 अंशांत कूलरला पाणी घालणारे आपण त्याच्या हिशेबात सदाहरित जंगलात राहत असू.

म्हणजे वलय असेल तर काही तरी नक्की थांबलं होतं. वलय नसेल तर एकतर काही थांबत नव्हतं, किंवा झाडाच्या जातीला ते लिहायची सवय नव्हती, किंवा मुळं तळ्याच्या पाण्यात होती आणि उन्हाळा झाडाला जाणवलाच नाही. माझं झाड तर तळ्याकाठचंच. सरांना फोन केला. ते नुसतेच हसले.

7 ऑक्टोबर

वलय गप्प असेल तर वाहिन्यांना विचारायचं. शर्विन कार्लक्विस्ट या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाने 1977 मध्ये एक सोपा निर्देशांक सुचवला होता: वाहिनीचा सरासरी व्यास मायक्रॉनमध्ये, भागिले दर चौरस मिलिमीटरमधली वाहिन्यांची संख्या. रुंद वाहिनी पाणी भरपूर ओढते, पण कोरड पडली की तिच्यात हवेचा बुडबुडा शिरतो आणि ती कायमची बाद होते. कोरड्या जागची झाडं म्हणून अरुंद आणि पुष्कळ वाहिन्या ठेवतात, काही गेल्या तरी चालतं. निर्देशांक 1 च्या खाली गेला की झाड दुष्काळाच्या तयारीत आहे असं समजायचं.

शंभर वाहिन्या मोजल्या, दोन संध्याकाळी लागल्या. सरासरी व्यास 150 मायक्रॉन, दर चौरस मिलिमीटरला 6. भागाकार 25. पाण्याची चैन होती.

पण कुणाची चैन, प्रदेशाची की तळ्याकाठच्या या एका झाडाची? धुऱ्यावरच्या दोन तुकड्यांपैकी एकात 18 आला. दुसरा इतका स्फटिकाळलेला की पेशीच उरल्या नाहीत, नुसती चमक.

22 ऑक्टोबर

एका लाकडावरून हवामान ठरवायचं नसतं, हे मी चार महिने घालवून शिकलो. ज्यांना ते आधीच माहीत होतं त्यांनी पूर्ण जंगल एकत्र घेतलं. एलिझाबेथ व्हीलर, रश्मी श्रीवास्तव, स्टीव्हन मँचेस्टर, पीटर बास आणि मायकेल वीमन यांनी 2017 मध्ये दख्खनच्या इंटरट्रॅपियन लाकडांचा एकत्रित आढावा छापला. एकेका तुकड्याचा आजचा नातलग शोधत बसण्याऐवजी किती टक्के लाकडांत कुठलं लक्षण आहे ते पाहायचं, आणि आजच्या वेगवेगळ्या प्रदेशांतल्या झाडांशी ताडायचं. त्यांना ही लाकडं चकित करण्याइतकी आधुनिक वाटली, क्रिटेशियस या डायनासोरांच्या शेवटच्या काळातल्या इतर लाकडांपेक्षा आजच्या उष्ण कटिबंधाला जवळची. हळदूसारखी एखादी चकवणारी जात अशा हिशेबात बुडून जाते.

लाकडापलीकडचे साक्षीदारही आहेत. छिंदवाड्याजवळचं मोहगाव कलान, नागपूरहून तसं जवळच. तिथल्या चर्टमध्ये फुलं, फळं, अझोला हे पाण्यावर तरंगणारं नेचं, सगळं सापडलंय. बिरबल साहनी आणि के. पी. रोडे यांनी 1937 मध्ये त्यावर लिहिलं. तिथे निपा या पाणताडाचं फळही मिळालं. निपा आज खाडीच्या मचूळ पाण्यात वाढते, आणि तिला थंडी सोसत नाही. मध्य भारतात समुद्राचा फाटा शिरला होता का, हा वाद त्या फळापासून सुरू झाला. मला त्यातलं तापमान पुरे आहे: गोठवणारी थंडी नव्हती.

साहनींबद्दल एक गोष्ट वर्गात नेहमी सांगतो. लखनौच्या पुरावनस्पती संस्थेची कोनशिला त्यांनी स्वतः घडवली होती, वेगवेगळ्या काळांचे जीवाश्म त्यात बसवून. 3 एप्रिल 1949 ला नेहरूंच्या हस्ते ती बसली आणि आठवड्याभरात साहनी गेले.

24 नोव्हेंबर

मध्य प्रदेशातल्या दिंडोरी जिल्ह्यातल्या घुघवा जीवाश्म उद्यानात, विद्यार्थ्यांना घेऊन. 1983 पासून राष्ट्रीय उद्यान, पण वाघ पाहायच्या सवयीने आलेल्याची निराशा होईल: सगळं मिळून 27 हेक्टर आणि जनावर एकही नको. रस्ता लांब, गाडीत दोघांना उलट्या.

आत ताडवर्गातली खोडं पाहिली आणि थांबलो. ताडामाडात वलयं नसतातच. त्यांचं खोड सागासारखं दरवर्षी थर चढवत वाढत नाही, मऊ गरात वाहकपूल (नळ्यांच्या जुड्या) विखुरलेले असतात, तुटलेल्या टोकावर राळ्याचे दाणे पेरल्यासारखे ठिपके. वलयांचा प्रश्नच ज्याला विचारता येत नाही असं झाड, आणि उबेची साक्ष मात्र तेच नुसत्या हजेरीने देतं. ताडवर्गातल्या बहुतेकांना कडक गोठण सोसत नाही, कारण वाढीचा कोंब एकच, तो गेला की झाड गेलं.

मुलांना ठिपके ओळखायला शिकवले. एकीने नारळाच्या जुन्या बुंध्याचा फोटो मोबाइलवर शोधून शेजारी धरला. तेच.

15 डिसेंबर

अहवाल लिहून झाला. कामठीच्या लाकडावर पाऊण पान, ठाम. वर्ध्याच्या लाकडावर तीन पानं, आणि त्यात माझं आवडतं 'बारमाही ओलं' कुठेच नाही. लिहिलंय ते असं: 'वाढवलयं आढळली नाहीत. वाहिन्या रुंद व विरळ. या झाडाला पाण्याचा ताण जाणवत नसावा. याच थरांतले ताड आणि निपा पाहता हवा उबदार व गोठणमुक्त होती. पावसाला ऋतू होता की नाही, हे या तुकड्यावरून सांगता येत नाही.' विभागप्रमुखांना शेवटचं वाक्य खटकलं, काढा म्हणाले. ठेवलंय.

दादांनी नव्या चिठ्ठ्या केल्या, जुन्या चिठ्ठ्यांसकट पाकिटात घातल्या. 'गोळा करणारा' या रकान्यात काय लिहू म्हणून विचारलं. रिकामा सोडायला सांगितलं. 'काप काढणारा' असा नवीन रकाना त्यांनीच जोडला आणि माझ्या नावाखाली स्वतःचं लिहिलं. बरोबरच आहे, निम्म्या स्लाइड त्यांच्या हातच्या. कपाटाचं दार परत बसवलं, या वेळी कुलूप नाही.

संध्याकाळी वर्ध्याच्या काकांचा फोटो आला. तूर काढताना धुऱ्याच्या कडेला नवा गोटा निघालाय, तुटलेल्या टोकावर ठिपकेच ठिपके. खाली लिहिलंय: 'सर हे का हाय, गोल गोल रेघा नाही यात.'

शनिवारी जातो.